अडतीस बाटल्या

सोमवार, ७ ऑक्टोबर १९६३

दिल्या एकदाच्या बाटल्या! अडतीस. खारवाडीत घरोघर जायचं, मुलाचं नाव वहीत बघायचं, त्याच्या नावाचं पाकीट फोडायचं. आत लाल चिठ्ठी निघाली तर लाल कागद डकवलेली बाटली, निळी निघाली तर निळी. सकाळी सातला निघाले ती दिवेलागणीला टेकले. पाय सुजलेत. तरी ताळा तीनदा केला. एकोणीस लाल, एकोणीस निळ्या. बरोबर.

दोन्हींत गोळ्या पांढऱ्याच. दिसायला सारख्या, चवीलाही सारख्याच कडू – मुद्दाम तशा केल्यात. एका रंगात महारोगावरचं औषध, सल्फोन. दुसऱ्यात खडूची भुकटी. कोणत्या रंगात काय, ते डॉक्टर नाबरांनासुद्धा ठाऊक नाही. तो कागद मुंबईला मोहोर लावून ठेवलाय. तीन वर्षांनी उघडणार. ज्या घरात रोगी आहे तिथल्या मुलांना आधीच औषध दिलं तर रोग टळतो का, हे शोधून काढायचं आहे. औषध न मिळालेली मुलं शेजारी असल्याशिवाय ते कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पटलं. पण घशाखाली उतरलं नाही.

आठवड्याला दोन गोळ्या, सोमवार आणि गुरुवार. बाटलीत दहा. दर चौथ्या सोमवारी मी मोजायची. दोन उरल्या पाहिजेत, मग मी पुन्हा दहा भरायच्या.

सुरंगीला निळी आली. तुळसावहिनीची ही सात वर्षांची मुलगी. मी त्यांच्याच पडवीत राहते. पाकीट फोडायला उगाच वेळ लावला. का? लाल आली असती तरी मला काय कळलं असतं!

गुरुवार, १० ऑक्टोबर

चूक केली. मोठी.

चुलीपाशी बसलो होतो. वहिनीचे यजमान हरिश्चंद्रदादा बाहेर जाळं विणायला बसले होते. विणणं कसलं, रोगाने बोटं आखडलीत, सुई सारखी निसटते. तुळसावहिनी एकदम म्हणाली, “बाय, खरा सांग. दोनय बाटल्यांत औषध आसा मां?”

डॉक्टरांनी बजावलं होतं – सांगायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, दोन तऱ्हेच्या गोळ्या आहेत. तेही खोटं नाही. मी तोंड उघडलं ते तेवढंच सांगायला. आणि सांगून बसले, “नाय वयनी. एकातच.”

“आणि दुसऱ्यात?”

“खडू.”

ती लाकडं सारत राहिली. “म्हणजे अर्ध्या पोरांका खडू. सुरंग्याक काय?”

“माका ठावक नाय. कोणाकच नाय.”

“तुका नाय? वाटतंस तू, आणि तुका नाय?”

उठून भांडी आवरायला लागली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

खारवाडीभर झालं असणार. विहिरीवर बायका मला बघून गप्प झाल्या. मग एकीने विचारलं, “न्हेरी केलंस काय गो आज?” म्हणजे न्याहारी झाली का. मी हो म्हटलं. बाटल्या परत आणून आपटतील असं वाटत होतं. एकानेही आणली नाही.

डॉक्टरांना कळवायला हवं होतं की मी बोलले. कळवलं नाही. उद्या कळवीन.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

या सोमवारपासून दर सोमवारी-गुरुवारी पहिल्या होडीने खाडीपलीकडच्या दोन वाड्यांत जायचं. तिथे रोग्यांना गोळ्या देणं, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं. परत यायला दोन वाजतात. वहिनीने निघताना हाताला धरून बसवलं. “पोटात काय नसताना होडयेत बसूक नको.” पेज वाढली. कडवट लागली. ती म्हणाली, भरतीचं पाणी विहिरीत शिरतं, पाणी खारट होतं. खारट नव्हती, कडू होती. पण सकाळी सहाला माझ्या जिभेचा काय भरवसा!

कळवलं नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

पहिली मोजणी. मी धास्तावले होते. कोणी विसरलं असेल, कोणी फेकल्या असतील, कोणाच्या पोराने खाऊ म्हणून सगळ्या खाल्ल्या असतील.

अडतीस बाटल्या. प्रत्येकीत दोन. प्रत्येकीत!

घरी येऊन आडवी पडले. डोळ्यांत पाणी आलं, उगाच.

शनिवार, ९ नोव्हेंबर

मालवणला गेले, अहवाल दिला. डॉक्टरांनी आकडे पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले. “इतर गावांत कुठे पाच उरल्यात, कुठे एकही नाही. तुमची खारवाडी म्हणजे नवलच, सुगंधाबाई.” मला कोणी ‘बाई’ म्हटलं की मागे वळून बघावंसं वाटतं.

बोलून गेले होते ते सांगायची हीच वेळ होती. ते खुशीत होते. मी पण. तशीच आले.

वाटेत वाटलं बाबांना पत्र लिहावं. मग आठवलं – वाचणार कोण? तारकर्लीच्या आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी एकटी, आणि ती इथे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

पेज कडू. चालले आठ मैल. टाचेला भेग.

गुरुवार, १२ डिसेंबर

कणकण होती. पेज समोर आली, तिच्या वासानेच मळमळलं. वहिनी गोठ्यात गेली तेव्हा मी वाटी मांजरासमोर ओतली. ते चाटतंय तोवर ती आली.

असं कधी बोलली नव्हती. “कोणाच्या तोंडचा काडून तुका वाढलंय, ता ठावक आसा तुका? मांजराक घातलंस?” आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. दादा दारात उभे राहून म्हणाले, “सोड गो. तिका बरा नाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या घरात तांदूळ किती पुरून पुरून वापरतात ते मी बघते ना! दादांना रापणीत, म्हणजे वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यात, अजून पूर्ण वाटा मिळतो – दोर ओढता येत नाही तरी. “हात गेले, वाटो गेलो नाय,” असं ते अभिमानाने सांगतात. त्या वाट्यावर हे घर चालतं. शनिवारी बाजारातून तांदूळ आणीन. आणि पेज कडू असो की आंबट, खाईन. चाटून पुसून खाईन.

सोमवार, १६ डिसेंबर

खाल्ली. कडू.

वहिनी वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलली नाही.

बुधवार, ८ जानेवारी १९६४

डॉक्टर आले होते. तीन महिन्यांची तपासणी. शाळेच्या पडवीत एकेक मूल उघडं उभं केलं, उजेडाकडे तोंड करून. पाठ, दंड, मांड्या, कानाच्या पाळ्या. कुठे फिकट डाग दिसला की कापसाचा धागा लावायचा, डोळे मिटायला सांगायचं आणि विचारायचं – कुठे लावला, बोट ठेव. सुरंगीच्या दंडावर एक डाग होता. तिने डोळे घट्ट मिटले. धागा टेकला मात्र – “हंय!” – आणि खुदकन हसली. गुदगुल्या झाल्या म्हणे. नायटा निघाला.

अडतीस मुलांत एकही नवा चट्टा नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत काहीच ठरत नाही, हा रोग वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. मग जाता जाता हळूच – “पण लक्षण चांगलं आहे, हां.”

थकून गेले. चांगल्या बातमीनेसुद्धा माणूस थकतं.

सोमवार, २७ जानेवारी

हे काय झालं! गोळ्या भरताना पेन गळलं. माझा तळवा निळा झाला. बाटली नंबर सतरा, लाल, दाजींचा नातू – तिच्यातल्या तीन गोळ्यांना शाईचे ठिपके लागले. पुसायला गेले तर पसरले. बदलायला जादा गोळ्या नाहीत. डॉक्टरांनी मोजूनच दिल्यात. शाईने औषधाचं काही बिघडत नसावं. वहीत नोंद केली – ‘क्र. १७, तीन गोळ्यांवर शाई, माझ्या हातून.’

दाजी म्हणजे रापणीचा म्होरक्या, साठीचा माणूस. हसले. “शाय लागली तर पोर शिकतला तरी!”

सोमवार, २४ फेब्रुवारी

मोजणी. सगळीकडे दोन. नेहमीसारखं.

सुरंगीच्या बाटलीत, नंबर एकतीस, निळी, दोन उरलेल्या. त्यांतल्या एकीवर माझ्या शाईचा ठिपका.

मी बाटली खाली ठेवली. पुन्हा उचलली. उजेडात नेली. शाईच. वहिनी परड्यात वाल तोडत होती. विचारलं नाही. दोन घरांमध्ये पाणंद आहे, चार माड आहेत. लाल बाटलीतली गोळी निळ्या बाटलीत चालत गेली का?

मोजणी इतकी बरोबर कशी यायची, असं मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मला कौतुक करून घ्यायचं होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

कळलं.

ओहोटी होती. होडी गाळात रुतली. तरवाला म्हणाला, तासभर तरी निघत नाही. मी किनाऱ्याने परत फिरले. रापणीचं जाळं ठेवतात त्या मांगरासमोर बायका, मुलं. मला वाटलं मासळी वाटतायत. पण आज रापण लागलीच नव्हती.

मध्ये दाजी बसले होते, मांडीवर सूप. त्यांच्यासमोर अडतीस बाटल्या, लाल-निळ्या सरमिसळ. सगळ्यांतल्या गोळ्या सुपात ओतलेल्या. बायकांनी सूप पाखडल्यासारखं हलवलं – मिसळायला! – आजच्या अडतीस सुपात ठेवून बाकीच्या मोजून हाताला येईल त्या बाटलीत परत भरल्या, आणि दाजींनी डोळे मिटून एकेक गोळी उचलून मुलांच्या हातावर ठेवायला सुरुवात केली.

मला बघून कोणी दचकलंसुद्धा नाही. लपवतंय कोण! फक्त मी त्या वेळी गावात नसते, एवढंच.

“दाजी, ह्या काय?”

“वाटे,” ते म्हणाले. जसं काही मला ठाऊक नाही. मी तारकर्लीची, मासे मारणाऱ्या गाबतांची पोर! जन्मभर बघितलेत वाटे.

“असा करूचा नसता. लाल कोणाक, निळी कोणाक, ता ठरलेला आसा.”

“कोणी ठरवल्यान? कागदान. कागदाक काय कळता? रापणीत मासो कोणाच्या दोराच्या बाजूक गावलो, असा कोण इचारता गो? सगळो एका जाग्यार ओतायचो आणि वाटे घालायचे. माझ्या नातवाक औषध आणि हरिश्चंद्राच्या चेडवाक खडू – असो वाटो ह्या दर्यार कोणी घालूक नाय.”

मी सांगायला गेले. अर्ध्या वेळा औषध, अर्ध्या वेळा खडू, म्हणजे धड औषध नाही, धड प्रयोग नाही. आकडे खोटे होतील. उद्या या आकड्यांवरून दुसऱ्या गावच्या हजारो मुलांचं ठरणार आहे.

“अर्धा तर अर्धा,” दाजी म्हणाले. “सगळ्यांका तरी.”

आणखी एक पाहिलं. वाटायच्या आधी दाजींनी पहिली गोळी बाजूला काढली. “देवाचो वाटो.” तुळसावहिनी पुढे झाली, पदराच्या टोकाला ती गोळी गाठ मारून बांधली. मग गोळ्या सदतीस, मुलं अडतीस. दाजींनी विचारलं, “आज कोणाची पाळी?” सुरंगी ऐटीत उभी राहिली – “माझी!” तिला नुसता गूळ मिळाला. ती गूळ चोखत, नाचत घरी गेली.

आमच्याकडेही रापणीचा पहिला वाटा देवाचा असतो. मासळी विकून त्यातून जत्रेचं तेल-नारळ येतं. पण गोळीचं देव काय करणार?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

वहिनीला विचारलं. “ती गोळी देवळात ठेवतंस?”

तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. “जंय पोचूक व्हयी, थंय पोचता.”

शनिवार, २९ फेब्रुवारी

सातेरीच्या देवळात गेले. भिकाजी गुरव झाडत होते. गोळ्या कोण आणून ठेवतं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं तसं वेड्याकडे बघतात. “देवीक कसली रगतपिती?” म्हणाले.

म्हणजे देवळात जात नाही. मग कुठे जाते? आठवड्याला दोन, महिन्याला आठ. गाठ तुळसावहिनीच्या पदराला. आणि घरात सुरंगी.

तिच्या जागी मी असते तर? मी पण तेच केलं असतं. पण दाजी डोळे मिटून वाटतात, प्रत्येक मूल पाळीने उपाशी राहतं, आणि ही –! नाही, असं मनात आणू नये. आलं.

मंगळवार, ३ मार्च

झोप नाही. दिवसा चालताना डोळे मिटतात. काल खाडीपलीकडे एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बांधताना डुलकी लागली, तोच मला म्हणाला, “निज गो थोडा, पाय खंय जाता?”

सांगितलं तर खारवाडी प्रयोगातून जाईल. बाटल्या जातील. सल्फोन बाजारात मिळत नाही, मिळालं तरी कोण घेणार? अडतीस मुलांना आहे ते अर्धंही मिळणार नाही. न सांगितलं तर तीन वर्षांनी मुंबईला मोहोर फुटेल, लाल-निळ्यात फरक दिसणार नाही, आणि कोणीतरी लिहील – हे औषध मुलांना देऊन उपयोग नाही. माझ्या नीटनेटक्या आकड्यांवरून! मग कुठल्याच गावाला नाही.

आणि या सगळ्याचं मूळ मी. चुलीपाशी गप्प बसले असते तर!

शुक्रवार, ६ मार्च

अकरा वर्षांची असताना आत्याकडे बोटीवरून पत्र आलं होतं. आळीत वाचणारी मी एकटी. पहिल्या ओळीत सगळ्यांना नमस्कार, दुसऱ्या ओळीत तिचा नवरा गेल्याचं. मी थांबले नाही, आवाज बदलला नाही. होतं तसं शेवटच्या ‘कळावे’पर्यंत वाचलं. शाळेत तसंच शिकवलं होतं – अक्षर सोडायचं नाही. आत्या नंतर म्हणाली, “वाचलंस बरा. पण जरा थांबान वाचूचा होता गो.”

आज दिवसभर ते वाक्य कानात आहे. तरी मला दुसरं काही येत नाही. होतं तसं वाचता येतं, तेवढंच.

सोमवार, ९ मार्च

अहवाल लिहिला. दोन प्रती. एक मालवणला पाठवली, एक माझ्या पेटीत.

सगळं लिहिलं. ऑक्टोबरात मी काय बोलले तेही, पहिल्याच ओळीत. सूप, वाटे, दाजी, शाईची गोळी. आणि शेवटी – ‘प्रत्येक वेळी एक गोळी बाजूला काढली जाते. महिन्याला आठ. त्यांचा ठावठिकाणा लागत नाही. मी ज्या घरी राहते तिथल्या मुलीला त्या जादा दिल्या जात असाव्यात.’

डॉक्टरांचा नियम आहे – पाहिलं तेवढं लिहा, वाटलं ते लिहू नका. ते शेवटचं वाक्य मी पाहिलेलं नाही. दोनदा खोडलं. मग वाटलं, जिच्या घरचं मीठ खाते तिला वाचवायला खोडते आहे का? म्हणून तिसऱ्यांदा लिहिलं. आता वाटतं, खरी गोष्ट ती नव्हतीच. मला चोख दिसायचं होतं.

आज सकाळी पेज वाढताना वहिनीने वर लोणच्याची फोड ठेवली. “कडू लागता मां तुका?” म्हणाली. मी मान खाली घालून खाल्ली.

सोमवार, २३ मार्च

मोजणी. डॉक्टरांचा निरोप – मी येईपर्यंत काही बदलू नका, काही बोलू नका. अडतीस बाटल्या, दोन-दोन. भरल्या. कोणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

सोमवार, ३० मार्च

दमले. काही लिहायचं नाही.

बुधवार, ८ एप्रिल

आले. मांगरातच सभा झाली. डॉक्टर रागावले नाहीत, तेच वाईट. नीट समजावलं – खारवाडी अभ्यासातून वगळली. मोठ्या रोग्यांच्या गोळ्या चालू राहतील. मुलांच्या बंद. सहा महिन्यांनी येऊन मुलांना तपासत राहू, कोणाला चट्टा आलाच तर ताबडतोब औषध सुरू करू. “टाळता येतं का, हे ठरेपर्यंत टाळण्यासाठी देता येणार नाही.”

“म्हणजे येवची वाट बघूची,” दाजी म्हणाले.

मग डॉक्टरांनी कागद काढला. माझं अक्षर मला लांबूनच दिसलं. “तुळसाबाई कोण? दर वेळी एक गोळी तुम्ही नेत होता. ती कोणाला दिलीत? मुलीला जादा दिली असेल तर सांगा. तिची तब्येत तपासावी लागेल. रागावणार नाही.”

सगळी वाडी वहिनीकडे बघत होती. ती माझ्याकडे. एकदाच. रागाने नव्हे – आपण दुसऱ्याच्या घरात काही सांडलं की बघतो तशी.

“देवाक दिलंय,” म्हणाली.

“देवाला,” डॉक्टर म्हणाले, आणि डोळे चोळले.

हरिश्चंद्रदादा उठले. दाजींनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. “डॉक्टरानू, तिका इचारू नकात. ती सांगाची नाय. आमीव सांगाचे नाय. घेवन जावा तुमच्यो बाटल्यो.”

बाटल्या मीच गोळा केल्या. अडतीस. डॉक्टर जीपमध्ये बसताना म्हणाले, “तुमच्या ऑक्टोबरातल्या चुकीबद्दल लिहावं लागेल. पण इतका प्रामाणिक अहवाल मी अजून पाहिला नाही. पुढच्या महिन्यापासून मालवणच्या कचेरीत या. नोंदींचं काम तुमच्याकडे देतो.”

घरी गेले. पडवीत माझं अंथरूण नेहमीसारखं झटकून ठेवलेलं.

गुरुवार, ९ एप्रिल

वाटलं होतं आज पेज मिळणार नाही. मागणारही नव्हते. पण वाटी समोर आली, आणि ती समोर बसली. कडू. खाल्ली.

सुरंगीने होडीपर्यंत पोचवलं. “आता गोळी नाय, मगे गूळ पण नाय?” विचारत होती.

सोमवार, १३ एप्रिल

आज पेज कडू नव्हती.

विहीर तीच. काल अमावास्या होती, उधाण जास्तच होतं. मी वाटी खाली ठेवली आणि ही वही काढली, मागची पानं चाळली. जिथे जिथे पेज कडू लिहिलंय तिथे सोमवार आहे किंवा गुरुवार. एकही शुक्रवार नाही.

चुलीपाशी गेले. “वयनी. देवाचो वाटो.”

तिने राख सारखी केली. “तू आमच्याच घरात निजतंस. रोग्यांच्यो जखमो धुतंस. तुका कोणी बाटली दिल्यान? दाजी म्हणालो, दोराक हात लावलेल्याक वाटो नाय, असा कसा चलात? पोरांव कबूल झाली. पाळी लावली. सोमवारची गोळी गुरवारी, गुरवारची सोमवारी, कुटून तुझ्या पेजेत.”

“मगे त्या दिवशी डॉक्टरांका –”

“सांगला असता तर तुझी नोकरी गेली असती, बाय.”

एक्कावन्न वेळा वाटप झालं. एक गोळी मांजराने खाल्ली. पन्नास मी.